तुटणे आणि कापणे

सजीव पेशीतील पटल हे मेदरेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. प्रत्येक मेदरेणूचे डोके पाण्याशी जुळवून घेणारे आणि शेपट्या पाणी टाळणाऱ्या असल्यामुळे हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा रीतीने दोन पदरांत रचले जातात. या दुपदरी पडद्याची जाडी अवघी ४ ते ५ नॅनोमीटर भरते, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील चार-पाच भागांइतकी. पेशीला बाहेरच्या जगापासून वेगळे करण्याचे काम हा पडदा करतोच, शिवाय पेशीच्या आतील आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, तंतुकणिका आणि असंख्य पुटिका याच पडद्याच्या घडणीतून उभ्या राहतात. पुटिका म्हणजे माल भरून इकडून तिकडे नेली जाणारी पटलाची इवली पिशवी. कुठे नळ्यांचे जाळे आहे, कुठे एकावर एक रचलेल्या चपट्या थैल्या आहेत, कुठे पन्नास-शंभर नॅनोमीटर व्यासाचे गोल आहेत, आणि हे आकार सतत बदलत असतात: सपाट पटलाला खळगा पडतो, खळगा खोल होतो, त्याला मान येते, मान बारीक होते आणि पुटिका सुटून आत जाते. असे वर्णन करताना मराठी वाक्य आपोआप 'पडतो', 'होतो', 'सुटते' या क्रियापदांकडे वळते, आणि करणारा कोण हे सांगण्याची जबाबदारी या क्रियापदांवर नसते. खळगा कोणी पाडला, मान कोणी आवळली, पुटिका कोणी कापून सोडली, हे प्रश्न त्यांच्या आड राहून जातात. पटलांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे बहुतेक दिवस 'तुटली' या शब्दाकडून 'कापली' या शब्दापर्यंत पोचण्यातच खर्च होतात.

पटल आपोआप वाकत नाही, असे मानण्यास भक्कम कारण आहे. वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७३ मध्ये पटलाच्या लवचिकतेचे जे गणित मांडले, त्यातून निघणारा एक निष्कर्ष पहिल्या वाचनात कोणालाही खटकतो: सपाट पटलापासून पूर्ण गोल पुटिका घडवण्यास लागणारी ऊर्जा पुटिकेच्या आकारमानावर अवलंबून नसते. लहान गोलात दर एकक पृष्ठफळामागे वाकवण्याची ऊर्जा जास्त लागत असली तरी त्याचे एकूण पृष्ठफळ तितक्याच प्रमाणात कमी असते, त्यामुळे हिशेब शेवटी सारखाच येतो. पेशीतील नेहमीच्या पटलासाठी हा आकडा, शरीराच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीत जी ऊर्जा असते तिच्या साधारण पाचशे पट येतो. एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या एका विघटनातून पेशीला सुमारे वीस पट ऊर्जा मिळते, हे लक्षात घेतले तर एका पुटिकेचा खर्च पंचवीसेक एटीपी रेणूंइतका होतो, आणि तोही केवळ वाकवण्याचा. मान कापण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. नुसत्या उष्णतेच्या धक्क्यांनी एवढी चढण पार होणे शक्य नाही. तेव्हा कोणीतरी पटलाला वाकवत असले पाहिजे, आणि पेशीत हे काम करू शकतील असे घटक म्हणजे प्रामुख्याने प्रथिने.

परंतु प्रथिने हे काम करतात असे म्हणणे आणि अमुक प्रथिन अमुक काम करते असे दाखवणे यांत फार अंतर आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने या क्षेत्राला डोळे दिले, पण त्याची चित्रे स्थिर असतात. पेशी मारून, रसायनांनी घट्ट करून, पातळ चकत्या कापून मग ती घ्यावी लागतात. थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी १९६४ मध्ये ईडिस इजिप्ती या डासाच्या, म्हणजे महाराष्ट्रात डेंग्यूमुळे घरोघरी माहीत असलेल्या डासाच्या, मादीच्या अंडपेशीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मादीने रक्त प्यायल्यानंतर अंडपेशी बाहेरून पीतकप्रथिन भराभर आत घेऊ लागते, आणि त्या वेळी तिच्या पटलावर आतल्या बाजूने राठ केसांसारखे अस्तर असलेले खळगे कितीतरी पटींनी वाढलेले दिसतात. काही चित्रांत उथळ खळगा, काहींत खोल, काहींत आत सुटलेली अस्तरबंद पुटिका आणि काहींत अस्तर गळून पडलेली पुटिका अशा अवस्था त्यांना आढळल्या आणि त्यांनी त्यांचा क्रम लावला. तो क्रम बरोबर होता हे पुढे सिद्ध झाले, पण तो चित्रात नव्हता. लावणाऱ्याच्या बुद्धीत होता. हा फरक या विषयात काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी शिकवला गेला पाहिजे, असे प्रस्तुत लेखिकेचे ठाम मत आहे.

त्या अस्तराचे प्रथिन केंब्रिज येथे बार्बरा पीअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे केले आणि १९७६ मध्ये त्याला क्लॅथ्रिन हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाळी असा आहे. क्लॅथ्रिनचे एकक तीन वाकड्या पायांच्या तिवईसारखे असते, आणि अशा अनेक तिवया पायात पाय अडकवून षटकोन व पंचकोन यांची जाळी विणतात. नुसत्या षटकोनांची जाळी सपाट राहते, तिला गोल मिटवायचे तर भूमितीच्या नियमाने बरोबर बारा पंचकोन लागतात. शिवलेल्या फुटबॉलवरही तेवढेच पंचकोन असतात. या सौंदर्याने अनेकांना अशी समजूत करून दिली की जाळी विणली गेली म्हणजे पटल वाकले, आणि प्रश्न संपला. प्रत्यक्षात क्लॅथ्रिन स्वतः पटलाला चिकटतसुद्धा नाही. मधे जोडणारी प्रथिने लागतात. त्यांपैकी एप्सिन हे प्रथिन पटलाला चिकटताना आपली एक छोटी मळसूत्री पट्टी मेदरेणूंच्या आपल्याकडच्या पदरात पाचरीसारखी घुसवते आणि तो पदर पलीकडच्या पदरापेक्षा पसरट करून पटलाला बाक देते, हे २००२ मध्ये केंब्रिजच्याच हार्वे मॅकमहोन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. त्याच गटाने २००४ मध्ये अॅम्फिफायसिन या प्रथिनाच्या बार नावाच्या भागाची रचना प्रसिद्ध केली. तो केळ्यासारखा वाकलेला होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला धनभार असल्यामुळे ऋणभारित पटलावर तो साच्यासारखा बसू शकतो हे स्पष्ट झाले. त्या चित्रात रूप आणि कार्य एकाच रेषेत दिसत होते, आणि ते पाहून या विषयाकडे वळलेले विद्यार्थी थोडे नाहीत.

तरीही वाकवण्याचे श्रेय इतक्या सहजी देता येत नाही. शुद्ध प्रथिन भरपूर प्रमाणात कृत्रिम पटलावर टाकले तर पटलातून नळ्या फुटतात, पण २०१२ मध्ये जीन स्टॅचोविआक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हिरवा प्रकाश देणारे जेलीफिशचे प्रथिन, ज्याला ना बाक आहे ना पाचर, तेही पटलावर दाटीवाटीने बांधून ठेवले तर पटल वाकते. यात्रेच्या गर्दीत कोणी ढकलले नाही तरी कठडा कलतो, तसा हा प्रकार: एकाच बाजूला झालेली गर्दी आपल्या रेणूंच्या धक्क्यांनी पटलाला बाहेर रेटते. याचा अर्थ केळ्याच्या आकाराचे प्रथिन काहीच करत नाही असा नाही. पण किती प्रथिन घेतले, पटलाचा किती भाग व्यापला गेला आणि पेशीत त्याचे प्रमाण किती असते, हे सांगितल्याखेरीज 'या प्रथिनाने पटल वाकवले' हे वाक्य अपुरे राहते. नळ्या फुटलेल्या चित्राचा मोह फार मोठा असतो, आणि ज्याने तासन्‌तास अंधाऱ्या खोलीत रिकाम्या पडद्याकडे पाहिले आहे त्यालाच तो मोह किती मोठा असतो ते कळते.

मानेच्या कापणीची गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे गेली, आणि ती वाट फळमाशीच्या कुप्यांमधून जाते. कॅनडात व्हँकुव्हर येथे डेव्हिड सुझुकी यांच्या गटाने तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्या शोधल्या आणि १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील एका उत्परिवर्तनाला शिबिरे हे नाव मिळाले, ज्याचा जपानी भाषेत अर्थ बधिर होणे असा आहे. हा प्रयोग आजही नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात दाखवला जातो. दोन काचेच्या कुप्या घ्याव्यात, एकीत साध्या माश्या आणि दुसरीत शिबिरे माश्या, तोंडाला कापसाचे बोळे लावलेले. दोन्हींना हलका ठोका दिला की माश्या तळाशी पडतात आणि लगेच भिंतीवरून वर चढू लागतात, कारण वर चढणे हा त्यांचा स्वभाव आहे. मग दोन्ही कुप्या ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धरल्या की साध्या माश्या पूर्वीसारख्याच वर चढत राहतात, आणि शिबिरे माश्या एक-दोन मिनिटांत एकेक करून खाली घसरतात, उताण्या पडतात, पाय थरथरत राहतात आणि तेही थांबते. कुपी थंड जागी ठेवली की काही मिनिटांत त्या उठून पुन्हा भिंत धरतात. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे उन्हाळ्यात खोलीचे तापमान सहज ३० अंशांच्या वर जाते, तिथे या माश्या पाळायच्या तर वातानुकूलन अखंड चालू राहावे लागते, आणि वीज गेली की माशीघराकडे धावणारा माणूस हे तिथले नेहमीचे दृश्य असते.

माशी पडली, एवढेच त्या कुपीत दिसते. का पडली, हे दिसत नाही, आणि हा भेद समजून घेण्यात मुंबईचा वाटा मोलाचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा गट उभारणारे ओबेद सिद्दीकी यांनी सीमूर बेंझर यांच्याबरोबर १९७६ मध्ये तापमानाने लुळ्या पडणाऱ्या आणखी काही माश्यांचे चेतापेशींतील दोष प्रसिद्ध केले, आणि कोमॅटोज हे उत्परिवर्तन त्यांतलेच. कोमॅटोज माशी आणि शिबिरे माशी कुपीत सारख्याच पडतात. पण पुढे चेतापेशींची टोके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिली तेव्हा दोन्हींतील चित्रे परस्परांच्या उलट निघाली. चेतापेशी संदेश देताना पुटिकांतील रसायन बाहेर सोडते, त्यासाठी पुटिका पटलाशी एकरूप होते, आणि नंतर तेवढे पटल परत आत ओढून नवी पुटिका तयार करावी लागते. नाहीतर साठा संपतो. कोमॅटोज माशीत पुटिका पटलापाशी येऊन अडकून पडलेल्या आढळल्या. शिबिरे माशीत मात्र पुटिका जवळजवळ नाहीशाच झालेल्या होत्या, आणि तोशिओ कोसाका व काझुओ इकेडा यांनी १९८३ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे पटलावर खोल खळगे अर्धवट लटकत होते, प्रत्येकाच्या मानेभोवती गडद रंगाचे एक कडे. म्हणजे तापमान वाढताच पेशीतील सगळे काम मान आवळण्यापर्यंत येऊन थांबले होते आणि शेवटचा घाव तेवढा पडत नव्हता. एकच पतन, दोन वेगळे दोष. एकात जोडणे बिघडले, दुसऱ्यात कापणे.

ते कडे कशाचे, हे कळायला आणखी आठ वर्षे लागली. डायनॅमिन हे प्रथिन १९८९ मध्ये हॉवर्ड श्पेटनर आणि रिचर्ड व्हॅली यांनी वासराच्या मेंदूतून, पेशीच्या सांगाड्यातील सूक्ष्मनलिकांना चिकटलेले प्रथिन म्हणून मिळवले होते, आणि ते त्या नलिकांना सरकवणारी मोटर असावी अशा समजुतीने त्याला गतिवाचक नाव दिले होते. शिबिरे जनुकाचा क्रम १९९१ मध्ये वाचला गेला तेव्हा ते जनुक डायनॅमिनचेच निघाले. ज्या कामासाठी नाव मिळाले ते काम त्याचे नव्हते, तरी नाव टिकले. पुढे १९९५ मध्ये एकाच वर्षी दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या: जेनी हिनशॉ आणि सँड्रा श्मिड यांनी शुद्ध डायनॅमिन आपोआप कड्यांच्या आणि मळसूत्राच्या आकारात रचले जाते हे दाखवले, आणि पिएत्रो दे कामिली यांच्या गटाने मेंदूतील चेतापेशींच्या टोकांना न तुटणारे जीटीपी देऊन लांबलचक नळ्यांभोवती तीच कडी मिळवली. जीटीपी हा एटीपीसारखाच ऊर्जावाहक रेणू आहे, डायनॅमिन तो फोडून काम करते, आणि न फुटणारा नकली जीटीपी दिला की ते मधेच थबकते. चित्र मिळवण्यासाठी प्रक्रिया थांबवावी लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्या इंधनाचाही प्रश्न मुंबईतूनच पुढे गेला. टाटा संस्थेतील के. एस. कृष्णन आणि अमेरिकेतील मणी रामस्वामी यांच्या गटांनी २००१ मध्ये दाखवले की शिबिरे माशीचा दोष आणखी बळावणाऱ्या उत्परिवर्तनांपैकी एक अशा विकराच्या जनुकात आहे, जे पेशीत जीटीपी तयार करते. कापणारे हत्यार आहे, पण त्याच्या शेजारी इंधन पुरवणारा नसेल तरी माशी लुळी पडते. काम कोणाचे या प्रश्नाचे उत्तर दरवेळी एकाच नावात मावत नाही, याचा हा नेमका नमुना आहे. हे संशोधन मराठी वाचकांना जितके माहीत असायला हवे तितके नाही.

यानंतर प्रश्न उरला तो असा की डायनॅमिन एकटे मान कापू शकते काय. पेशीत शेकडो प्रथिने एकाच वेळी वावरत असतात, त्यामुळे पेशीकडे पाहून याचे उत्तर देता येत नाही. ऑरेलियाँ रू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये डायनॅमिनने वेढलेल्या नळ्यांवर सूक्ष्म मणी चिकटवले, जीटीपी घातले आणि मणी गरगर फिरताना पाहिले. कपडा पिळताना जसा पीळ बसतो तसा मळसूत्राला पीळ पडत होता, पण नळी तुटत होती ती दोन्ही टोकांनी ताणलेली असेल तेव्हाच. याचा दुसरा धागा सँड्रा श्मिड यांच्याकडे काम करणाऱ्या थॉमस पुकाडियिल यांनी २००८ मध्ये उचलला, आणि पुढे पुण्यात पाषाण येथील आयसर या संस्थेत त्यांनी प्रयोगाची अशी पद्धत बसवली की एका काचेवर शेकडो नळ्या एकाच वेळी पाहता याव्यात. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. या पद्धतीचे काम जवळून पाहिले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आधी सूक्ष्मदर्शीची पातळ काच, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत कव्हरस्लिप, आम्लात धुऊन तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर चढवला जातो, जेणेकरून पटल काचेला सर्वत्र चिकटून बसू नये. मेदरेणू क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले असतात आणि क्लोरोफॉर्म प्लास्टिक खात असल्यामुळे ते काचेच्या सिरिंजनेच उचलावे लागतात. त्यांत चमकणारा रंग अगदी थोडा मिसळलेला असतो आणि डायनॅमिन ज्याला धरते तो फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल जातीचा मेदरेणूही असतो. एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब काचेवर फिरवून निर्वातात सुकवला, काच एका अरुंद कप्प्यात बसवली आणि बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) सोडला की सुकलेला मेद फुगू लागतो आणि त्याचे मोठमोठे फुगे उठतात. मग बफर जोराने वाहू दिला की हे फुगे प्रवाहाच्या दिशेने ओढले जाऊन त्यांच्या लांब नळ्या निघतात, आणि प्रवाह थांबला की नळ्या काचेवर येऊन मधूनमधून टेकतात. सूक्ष्मदर्शीत त्या वेळी मागावर ताणा लावल्यासारख्या उजळ समांतर रेषा दिसतात. या रेषांची खरी जाडी प्रकाशाने मोजता येत नाही, कारण नळीची त्रिज्या काही दशक नॅनोमीटर असते आणि प्रकाशाला सुमारे दोनशे-अडीचशे नॅनोमीटरहून बारीक काही वेगळे दिसत नाही. सगळ्या नळ्या डोळ्यांना सारख्याच जाड वाटतात. पण जाड नळीत पटल जास्त असते म्हणून रंग जास्त असतो, त्यामुळे उजेडावरून जाडी काढता येते. डायनॅमिन सोडले की नळीवर जिथे ते जमते तिथे नळीचा उजेड फिका पडतो, म्हणजे ती आवळली गेली, आणि त्यानंतर त्याच ठिकाणी अचानक काळी फट पडते.

ती फट पहिल्यांदा दिसते तेव्हा पाहणारा श्वास रोखून बसतो. प्रस्तुत लेखिकेने अशाच धाटणीच्या कामात काही वर्षे घालवली आहेत, आणि तिच्या वहीत त्या वर्षांतील एक पान वारंवार उघडले जाते. जवळपास तीन आठवडे रोज नळ्या तुटत होत्या, फटी मोजल्या जात होत्या, आलेख सुरेख येत होता, आणि अभ्यासले जात असलेले प्रथिन नळ्या कापते असा मसुदाही लिहायला घेतला होता. प्रत्येक दिवशी प्रथिनाविना ठेवलेली एक काच असायचीच. तिला कंट्रोल म्हणतात. पण तिच्यावर दिवा क्षणभरच पाडला जात होता, नळ्या अखंड आहेत एवढे पाहून ती बाजूला ठेवली जात होती, आणि प्रथिन असलेल्या काचेवर मात्र दिवा सलग दहा मिनिटे चालू राहत होता. चौथ्या आठवड्यात कंट्रोलच्या काचेवरही दिवा दहा मिनिटे ठेवला, आणि तिच्यावरच्या नळ्यादेखील तुटल्या. तीव्र प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचे रेणू द्रावणात विरघळलेल्या ऑक्सिजनला चिथावतात, तो मेदरेणूंच्या शेपट्यांवर हल्ला करतो, आणि कमकुवत झालेली नळी फाटते. त्यात मेदाची बाटलीही जुनी होती, पुरेशी नायट्रोजनखाली न ठेवल्यामुळे अर्धवट खराब झालेली. नंतर बफरमध्ये ऑक्सिजन शोषून घेणारी ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज ही विकरे घातली, दिवा मंद केला, मेद नवा घेतला, आणि फटी जवळपास नाहीशा झाल्या. तीन आठवड्यांचे आकडे बाजूला ठेवावे लागले. त्या दिवसांतले दुःख आकडे गेल्याचे कमी आणि आपण वहीत सरळ 'कापले' असे लिहीत होतो याचे जास्त होते.

डायनॅमिनच्या बाबतीत हा दावा टिकतो, तो याच कसोट्यांवर. सारख्याच प्रकाशात प्रथिनाविना नळ्या अखंड राहतात. प्रथिन आहे पण जीटीपी नाही, तर नळी वेढली जाते आणि तुटत नाही. न फुटणारे जीटीपी दिले तरी तुटत नाही. जीटीपी फोडू न शकणारे उत्परिवर्तित डायनॅमिन दिले तरी तुटत नाही. आणि सगळे योग्य असताना फट पडते ती डायनॅमिन जिथे जमले आहे नेमकी तिथे. या चार-पाच गोष्टी एकत्र आल्यावरच क्रियापद बदलण्याचा अधिकार मिळतो, आणि लेखिकेच्या मते पटलशास्त्राची खरी कमाई सुंदर रचनांच्या चित्रांपेक्षा या शिस्तीत जास्त आहे.

याच शिस्तीने पुढेही वाद सोडवले. तंतुकणिकांचे दोन भाग करणारे डीआरपी१ हे डायनॅमिनच्या कुळातील प्रथिन नळीला आवळते पण शेवटचा घाव घालण्यासाठी त्याला डायनॅमिन-२ लागते, असे मत काही काळ जोर धरून होते. पुण्याच्या आयसरमधील गट आणि ऑस्ट्रेलियातील माइक रायन यांचा गट यांनी २०१८ मध्ये काचेवरील नळ्या आणि डायनॅमिन काढून टाकलेल्या पेशी अशा दोन्ही बाजूंनी तपासून डीआरपी१ एकटे हे काम पुरे करू शकते असे दाखवले. दुसरीकडे, पेशीत माल आत घेण्याच्या सगळ्याच वाटा डायनॅमिनवर चालत नाहीत. बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेत सत्यजित मेयर यांच्या गटाने २००२ मध्ये वर्णन केलेली एक वाट त्याच्याविनाच चालते. म्हणजे एका ठिकाणी कर्ता सापडला म्हणून तोच सर्वत्र असेल असे धरून चालता येत नाही, प्रत्येक मानेसाठी शोध नव्याने करावा लागतो.

या शोधाचा संबंध माणसाच्या शरीराशी थेट पोचतो. डायनॅमिन-२ च्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे स्नायू दुबळे करणारा एक आनुवंशिक आजार होतो हे २००५ मध्ये समजले. त्यात स्नायुपेशीचे केंद्रक कडेला असण्याऐवजी मध्यभागी येऊन बसते. दोन वर्षांनी अॅम्फिफायसिनच्या कुळातील बिन१ या जनुकातील दोषामुळेही तसाच आजार होतो हे कळले. स्नायूला आकुंचनाचा संदेश आत खोलवर नेण्यासाठी पटलाच्या नळ्या लागतात; बिन१ त्या घडवण्यास मदत करते, आणि या आजारातील काही उत्परिवर्तने डायनॅमिनला गरजेपेक्षा जास्त क्रियाशील करतात, त्यामुळे टिकायला हव्यात त्या नळ्या टिकत नाहीत. वाकवणारे प्रथिन कमी पडले काय आणि कापणारे जास्त झाले काय, आजारी स्नायूच्या चकतीत चित्र बरेचसे सारखे दिसते. कुपीत पडलेल्या दोन माश्यांसारखेच.

नव्या विद्यार्थ्याला या कामाची वही देताना प्रस्तुत लेखिका एकच गोष्ट सांगते. सकाळची पहिली काच प्रथिनाविना ठेवायची, तिच्यावर दिवा तितकाच वेळ ठेवायचा जितका पुढच्या प्रत्येक काचेवर ठेवायचा आहे, आणि तिची नोंद सगळ्यात वर करायची. ती काच शेवटपर्यंत अखंड राहिल्याची नोंद होईपर्यंत बाकीच्या काचांपुढे वहीत 'नळी तुटली' एवढेच लिहायचे.